टाकीमागचं बेट

खुर्ची मिळणार होती, एवढंच. कोणी विचारेल, खुर्चीसाठी माणूस अंगाची कातडी भाजून घेतो का? असं विचारणाऱ्यानं सहलींच्या कचेरीत मागच्या खुर्चीवर दिवस काढलेले नसतात. मागची खुर्ची झेरॉक्सच्या मशीनला चिकटून. मशीन गरम वाफा मांडीवर सोडतं, आणि समोर येऊन बसतं ते गिऱ्हाईक सहलीहून परत आलेलं असतं: सामान दुसऱ्याच गावी गेलं, नळाला पाणी नव्हतं, खोलीतून समुद्र दिसतो म्हणालात तो न्हाणीघरात स्टुलावर चढून दिसला. पुढची खुर्ची रस्त्याकडच्या मोठ्या काचेपाशी. तिथे येणारं गिऱ्हाईक अजून निघायचं असतं. त्याच्या डोळ्यांत समुद्र भरती आल्यासारखा असतो, आणि तो समुद्र विकणाऱ्यालाही त्यातला थोडा लागून जातो. खोली दोघांच्या गिऱ्हाइकांची एकच, पण पुढच्याला आभार आणि मागच्याला शिव्या. तेव्हा त्यानं हिशेब मांडला होता तो चुकीचा म्हणता येणार नाही. जमेला पुढची खुर्ची, मालकाची मर्जी, सासुरवाडीत चारचौघांत सांगता येईल असा एक हुद्दा. खर्चाला थोडं ऊन. आणि ऊन तर कोणाच्याही गच्चीवर फुकट पडलेलं असतं.

त्या पुढच्या खुर्चीवर त्याला बसून आता बरीच वर्षं झाली होती, आणि धक्का बसला तोही तिथेच. दुपारी एक बाई आत आल्या. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि बाईंच्या अंगात मनगटापर्यंत बाह्या, हातात पातळ मोजे, डोक्यावर एवढी रुंद टोपी की दारातून येताना त्यांना मान तिरकी करावी लागली. त्याला मनातल्या मनात हसू आलं. नाटकातून थेट आलेल्या दिसतात, त्याला वाटलं. बाई बसल्या आणि म्हणाल्या, "मला जिथे ऊन नाही अशा ठिकाणी जायचंय." त्यानं नेहमीच्या सवयीनं बाह्या कोपराच्या वर सारल्या. ही सवय त्यानं कमावलेली होती. आधी हात दिसू द्यायचे, मग बोलायचं. "ताई, ऊन नको म्हणून कसं चालेल? एकदा बेटावर जाऊन तर बघा. मी स्वतः दरवर्षी जातो, बायकोला घेऊन. हा रंग बघा की, उगाच आलेला नाही." बाई त्याच्या हातांकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या गालाकडे बघत होत्या, डाव्या कानाच्या जरा पुढे. "रंग मघापासून बघतेय," त्या म्हणाल्या, "त्यातला तो काळा डागही बघतेय. कोणाला दाखवलात?" "तीळ आहे हो." "माझाही तीळच होता." मग त्यांनी काळा चष्मा काढला. नाकाच्या एका बाजूला, चष्म्याच्या दांडीखाली, बोटाच्या पेराएवढा तुकडा वेगळ्या रंगाचा होता. जुन्या चादरीला नव्या कापडाचं ठिगळ लावावं तसा. "ही कातडी कानामागून आणून इथे बसवलीय. तरुणपणी समुद्रावर पालथी-उताणी होऊन भाजायचे मी, पापडासारखी. मैत्रिणी म्हणायच्या, काय छान रंग आलाय." त्यांनी चष्मा परत लावला. "धुक्याचं गाव काही असलं तर कळवा. आणि तुम्ही त्या काचेपासून सरकून बसत जा. काच झळ अडवते, सगळं ऊन अडवत नाही." आणि आल्या तशा मान तिरकी करून गेल्या. त्याच्या हातात अजून बेटाचं माहितीपत्रक उघडं होतं, आणि त्यातली पिवळ्या वाळूवरची गुळगुळीत माणसं त्याला एकदम ताटात वाढून ठेवल्यासारखी दिसली.

खरं तर त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? गिऱ्हाईक काहीही बोलतं. पण त्याचं बोट कानापाशी गेलं आणि तिथून निघेना. डाग खरखरीत होता, कडेला किंचित उचललेला, मेण ओघळून वाळावं तसा. तो कधी आला? दाढी करताना तो रोज दिसत असणार, म्हणजेच रोज दिसत नसणार. "काय हो बेटवाले, कान दुखतोय?" मागच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्यानं विचारलं. त्याला सगळे तक्रारमास्तर म्हणत, आणि दुसऱ्याचं काय दुखतंय हे ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. "काही नाही, वाजतोय जरा." "समुद्र वाजत असेल. शंख कानाला लावावा तसं तुम्ही बेटच कानाला लावलेलं दिसतंय." मास्तर आपल्याच विनोदावर हसला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पुन्हा "आम्ही चौकशी करतो" म्हणू लागला. कानावरचं बोट तसंच ठेवून तो उठला आणि न्हाणीघरात गेला. तिथल्या आरशावरची ट्यूब नेहमीच फडफडायची, आज तिनं कहर केला. लागली की डाग काळा, विझली की डाग नाही. लागली, विझली. त्यानं साबण लावून डाग घासून पाहिला. कोणास ठाऊक, शाईच असली तर? कातडी लाल झाली, आणि डाग तिच्यात अधिकच बेतशीर बसलेला दिसला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, मानेवरची चामड्याच्या पाकिटासारखी जाड घडी, हातांच्या पाठीवर पसरलेले तपकिरी ठिपके. ज्याला तो इतकी वर्षं माल म्हणून गिऱ्हाइकापुढे मांडत आला होता, तोच माल त्यानं आज पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखा निरखला. आणि घेतला नसता.

गंमत अशी की बेट त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, तो आणि त्याची बायको. बऱ्याच वर्षांपूर्वी, तो अजून मागच्या खुर्चीवर असताना, मालकानं खुश होऊन दोघांना फुकट पाठवायचं ठरवलं होतं. परत आलात की पुढची खुर्ची तुमची, म्हणाला होता, कारण ज्यानं समुद्र पाहिला तोच समुद्र विकू शकतो. तिकिटं त्याची त्यानंच काढली. विमान मध्यरात्र उलटल्यावर वीस मिनिटांनी सुटणारं. असल्या तिकिटाची मेख अशी की बारा वाजून गेले की तारीख बदलते, म्हणजे ज्या तारखेचं तिकीट असेल तिच्या आदल्या संध्याकाळीच विमानतळावर जाऊन बसावं लागतं. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, तिकिटावर लाल पेन्सिलीनं गोल करून सांगायचा, वर "पुष्कळ शहाणी माणसं इथे फसतात" असंही म्हणायचा. आणि स्वतःच्या तिकिटाला लाल गोल कोण करणार? बायकोला घेऊन, नवी बॅग ओढत, तो ऐटीत जाऊन उभा राहिला, तेव्हा विमान जाऊन पुरा दिवस झाला होता. काउंटरवरची मुलगी अदबीनं म्हणाली, "सर, पुष्कळ जण फसतात यात." बायको आधी थिजली, मग तिला हसू फुटलं. नव्या बॅगेवर बसून, पोट धरून ती हसत राहिली. त्याला मात्र घाम सुटला होता. ज्याला स्वतःच्या तिकिटाची तारीख कळत नाही, त्याच्या हातची तिकिटं कोण घेईल? खुर्चीचं सोडाच, नोकरी राहते की नाही. टॅक्सीत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कोणाला सांगायचं नाही. कोणाला सांगायचं नाही." बायको म्हणाली, "अहो, पण कचेरीत परत जाल तेव्हा असेच पांढरेफटक जाणार? आठ दिवस समुद्रावर काय छत्री धरून बसला होतात?" ती थट्टेत म्हणाली होती. त्याचं अंग मात्र ताठ झालं. बरोबर होतं. रंग लागणार होता.

कचेरी सुटली तेव्हा ऊन कलायचं होतं. रोज तो उन्हाच्या बाजूनं चालायचा, मुद्दाम. खुर्ची टिकवायची तर रंगही राखावा लागतो, दाढी राखतात तसा. आज तो समोरच्या पदपथावर गेला, दुकानांच्या छपराखाली, आणि दोन इमारतींच्या मध्ये उन्हाचा पट्टा आला की पाय उचलून भराभर ओलांडू लागला, जणू रस्त्यात कोणी पाणी सांडलंय. मग स्वतःचीच लाज वाटली. वर्षानुवर्षं खाल्लेलं ऊन चार पट्टे चुकवून उतरतं होय? त्याला वाटलं, ऊन आत कुठेतरी साठलेलं असणार, तळघरात पाणी साठतं तसं, आणि वर फरशीवर आपण नीट खुर्च्या मांडून बसलोय. औषधांच्या दुकानाच्या काचेत एक पुठ्ठ्याची बाई हातात सनस्क्रीनची बाटली घेऊन हसत होती. आत जाऊन विचारावं का? पण काय विचारणार? मागच्या तारखेपासून लावायचं मिळतं का, असं? तो आत गेलाच. दुकानदारानं बाटली पुढे केली आणि सांगितलं, "भरपूर लावायचं, नुसतं बोट पुसायचं नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ढग असले तरी लावायचं, ढगातून येतं ते." त्यानं बाटली घेतली आणि दुकानाबाहेर आडोशाला उभं राहून तोंडाला चोपडली. पांढरं पांढरं तसंच राहिलं. एक शाळकरी पोरगी आईला म्हणाली, "आई, भूत." आई म्हणाली, "असं बोलू नये, काकांना बरं नाहीये." ते मात्र त्याला लागलं.

गच्चीवरचे ते दिवस. इमारतीतले सगळे कामाला गेले की ती दोघं चोरासारखी वर जायची, सतरंजी, उशी, पाण्याची बाटली, केसांच्या तेलाची बाटली घेऊन. पाण्याच्या टाकीमागे एक चौकोन होता, जो कोणाच्याच खिडकीतून दिसत नसे. गच्चीला नुकताच पांढरा रंग दिलेला, वरच्या मजल्यावरच्यांना थंडावा मिळावा म्हणून. डोळे उघडता येत नसत. वरून ऊन, खालून ऊन, कठड्यावरून ऊन. टोपी घातली असती तरी हनुवटीखालून भाजलं असतं, आणि टोपी घालायची नव्हतीच. बेटावर लोक तेल लावून पडतात हे त्यानं माहितीपत्रकात पाहिलेलं, म्हणून तेल. कढईत सोडल्यासारखी दोघं. तो तिला माहितीपत्रकातलं मोठ्यानं वाचून दाखवी: "आपल्या पायांशी निळाशार पाणी खेळत असेल." ती म्हणे, "टाकी गळतेय, तेच का?" "दूरवर पांढरी शिडं डोलताना दिसतील." "तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या चादरी आहेत त्या." "संध्याकाळी आपल्या जोडीदाराच्या हातात हात घालून," आणि इथे तो थांबला की ती डोळे मिटल्या मिटल्या हात पुढे करी, तेलकट, गरम. लग्नानंतर ती दोघं इतका वेळ एका सतरंजीवर कधी पडली नव्हती. त्याला रंग असा चढला की बघत राहावं, तांब्याच्या हंड्यासारखा. तिला चढेना. ती गोरी, बारीक ठिपक्यांची, उन्हात नुसती लाल व्हायची. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून ती पालथी पडून वाचायची, आणि चौथ्या दिवशी तिच्या पोटऱ्यांवर फोड आले, पाण्यानं भरलेले, टचटचीत. त्या रात्री त्यानं ओले टॉवेल घातले, पंख्यानं वारा घातला, सगळं केलं. आणि मनात, खरं सांगायचं तर, थोडा चिडला होता. हिला साधा रंगसुद्धा घेता येत नाही.

मालक त्याला पाहून म्हणाला होता, "वा! समुद्र अंगावर घेऊनच आलात की." त्याच दिवशी खुर्ची बदलली आणि "बेटवाले" हे नाव पडलं. पण एकदा बेटावर गेलेला माणूस पुढच्या वर्षी का जात नाही, असं लोक विचारतात. पुढच्या वर्षी तो "स्वतःच्या खर्चानं" गेला. त्याच्या पुढच्याही. हंगाम सुरू व्हायच्या आधी आठ दिवस रजा, टाकीमागे सतरंजी. दर वर्षी तो विचारायचा, "तू कशाला येतेस? तुझं नुसतं सोलतं." आणि दर वर्षी ती म्हणायची, "नवऱ्याला बेटावर एकट्याला सोडतात का? काय भरवसा." बालवाडीत शिकवायची ती. सुट्टी संपून शाळा उघडली की खांद्याचे पापुद्रे निघत असायचे आणि पोरं विचारायची, "बाई, तुम्ही साप आहात का?" हे ती घरी येऊन सांगायची आणि स्वतःच हसायची. तोही हसायचा. आता, जिना चढताना, ते हसणं त्याला आठवलं. पण भीती स्वतःची होती, फक्त स्वतःची. माणूस घाबरला की किती पटकन एकटा होतो.

दार उघडताच बायको दोन पावलं मागे सरली. "अगंबाई! कणकेच्या डब्यात पडलात का?" त्यानं काहीतरी थातूरमातूर सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि त्याचं बोट कुठे जातंय ते बघत होती. "दाखवा." "काही नाही गं." "कान इकडे करा म्हणते ना." तिनं त्याला खिडकीपाशी ओढलं, ओल्या टॉवेलानं तोंड पुसलं, पोरांचं पुसतात तसं, हनुवटी धरून, आणि डाग बोटानं चाचपून पाहिला. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे. मी येते." "सोमवारी जाऊ, उद्या कचेरीत गर्दी..." "उद्या." रात्रभर तो कुशी बदलत राहिला. उजव्या कुशीवर झोपलं की डाग वर, हवेत, उघडा. डाव्या कुशीवर झोपलं की डाग उशीत, आणि उशीतून आत. एक विचार सारखा येऊन बसत होता, माशीसारखा, हाकलला की परत: डॉक्टर विचारतील, ऊन कुठे घेतलंत? मग काय सांगायचं? मरणाच्या भीतीतही माणूस आपली थाप सांभाळत असतो, याचं त्याला अंधारात थोडं नवल वाटलं आणि थोडं बरंही. थापेची काळजी करण्याइतकं आपलं चांगलं चाललंय म्हणायचं.

कातडीच्या डॉक्टर वयानं लहान होत्या आणि आवाजानं मोठ्या. त्यांनी डाग पाहायच्या आधी हात पाहिले, मान पाहिली आणि विचारलं, "काम उन्हातलं का?" "नाही, कचेरीत असतो." "मग एवढं ऊन कुठून आणलंत?" तो तयारच होता. "आम्ही दरवर्षी बेटावर जातो, समुद्रावर." "कुठल्या बेटावर?" त्यानं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि बाजूच्या खुर्चीवरून बायको शांतपणे म्हणाली, "गच्चीवर. टाकीच्या मागच्या." त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर गप्प झाली असती. "अहो, डॉक्टर आहेत त्या, गिऱ्हाईक नाहीत," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं: विमान, तारीख, पांढरी गच्ची, केसांचं तेल. डॉक्टर हसल्या नाहीत. "तेल? तेलानं ऊन अडत नाही, उलट कातडी आणखी भाजते. आणि पांढऱ्या जमिनीवरून ते परत अंगावर येतं. रंग आला, रंग आला, म्हणून लोक खुश होतात. कातडीला इजा झाली की ती स्वतःला झाकायला काळी पडते. तो रंग म्हणजे झालेल्या इजेची खूण आहे." मग त्यांनी दिव्याचं भिंग कानापाशी नेलं. तो श्वास धरून बसला. भिंतीवर कातडीचं मोठं चित्र होतं, थर थर, केकसारखं, आणि त्यातून वर येणारे केस. त्यानं त्या केसांत डोळे रोवले. आपण गेलो तर पुढची खुर्ची तक्रारमास्तरला मिळेल, असा स्पष्ट, शब्दांत मांडलेला विचार त्याच्या मनातून गेला.

"ही साधी चामखीळ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वय झालं की येते. हिच्यापासून भीती नाही. हातांवरचे डाग मात्र उन्हाचे, ते दर वर्षी दाखवत जा. लांब बाह्या घाला, टोपी घाला, दुपारी सावलीत बसा. आणि ते बेट बंद." त्याला एवढं हलकं वाटलं की तो चक्क हसला, मोठ्यानं, "काय सांगता!" म्हणाला, उभा राहिला, खिशात हात घातला, पुन्हा बसला. जग जागच्या जागी आलं. टोपीवाली बाई, तिचं ठिगळ, भूत म्हणणारी पोरगी, सगळ्याची उद्या कचेरीत सांगण्याजोगी गोष्ट होऊ लागली, आणि तो ती मनात रंगवूही लागला. त्यामुळे डॉक्टरांचं पुढचं वाक्य त्यानं ऐकलं, पण ते दुसऱ्याच कोणासाठी असल्यासारखं. "तुम्हीही झोपायचात ना वर?" डॉक्टर बायकोला विचारत होत्या. "तुमची कातडी तर नुसती भाजणारी. फोड यायचे?" "यायचे एखादवेळी." "कुठे?" "पायांना. पण आता काही नाही. एक तीळ आहे पोटरीवर, तो जरा पसरलाय एवढंच. खाजतो कधीकधी." ती हे भाजी निवडताना बोलावं तसं बोलत होती. आणि मग त्याला आठवलं. केव्हा तरी, थंडीत असेल, ती पलंगाच्या कडेला बसून पाय मागे वळवून म्हणाली होती, "अहो, बघा ना, मला मागचं दिसत नाही. कडेनं निळसर झालाय का?" तो हंगामाचं नवं माहितीपत्रक चाळत होता. त्यानं मान वर केली होती की नाही? केली असावी. "तीळच आहे गं," तो म्हणाला होता. हे वाक्य त्याला ऐकू आलं, स्वतःच्या आवाजात, तोच सूर, जसाच्या तसा.

डॉक्टरांनी तिला पालथं झोपायला सांगितलं. गच्चीवर झोपायची तशीच ती झोपली, हातांवर हनुवटी ठेवून, तोंड त्याच्याकडे. डॉक्टरांनी भिंग लावलं आणि वाकल्या. त्याच्या डागावर त्या किती वेळ वाकल्या होत्या? दोन श्वासांइतका. इथे त्या वर येईचनात. एकदा मोजपट्टी घेतली, एकदा दिवा जवळ ओढला. बायको त्याच्याकडे बघून भुवया उडवत होती, काय चाललंय, अशा अर्थानं. त्यानं हसायचा प्रयत्न केला. त्याला दिसत होती ती पोटरी, आणि तिच्यावर एक काळा, वेडावाकडा, एका कडेला निळा, एका कडेला तांबूस डाग, नकाशावर काढतात तसा. त्यानं आयुष्यभर नकाशे विकले होते. एवढा मोठा डाग, घरात, रोज समोरून चालत जाणारा. "हा आपण आजच काढू," डॉक्टर उभ्या राहत म्हणाल्या, आणि त्यांचा मोठा आवाज लहान झाला होता. "तपासायला पाठवावा लागेल." "माझा?" बायकोनं विचारलं. "अहो, पण दाखवायला तर हे आलेत."

अहवाल वाईट आला, पण सगळ्यात वाईट आला नाही. वाईट जातीचाच डाग होता. वेळेत आणलंत असं म्हणता येणार नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण फार उशीरही केला नाहीत. पोटरीचा मोठा तुकडा काढावा लागला, जांघेतली एक गाठ काढून पाहिली, ती स्वच्छ निघाली. मांडीची कातडी सोलून पोटरीवर बसवली. इस्पितळातल्या खाटेवर ती पाय उशीवर ठेवून पडली होती आणि तो उशाशी, काय करावं न कळून, पडदा ओढत होता. ऊन तिच्या चादरीवर आलं की ओढायचा, पंख्यानं उडून पडदा सरकला की पुन्हा ओढायचा. "बसा हो जरा," ती म्हणाली. "त्या पडद्याला काय झालंय?" तो बसला. मग म्हणाला, "तू कशाला येत होतीस वर? तुला काय मिळणार होतं? खुर्ची माझी होती." तिनं छताकडे पाहिलं. "आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलायचात," ती म्हणाली. "खोटं का होईना, वाचून दाखवायचात. एरवी घरी तुम्ही असता कुठे?"  मग तीच म्हणाली, "भूक लागलीय. खाली काय मिळतं बघा."

त्यानं ठरवलं, मालकाला सांगायचं. सगळं. त्याला शिक्षा हवी होती, निदान एखादी, निदान मागची खुर्ची. मालकाच्या खोलीत उभं राहून त्यानं तिकिटापासून सुरुवात केली आणि पोटरीपर्यंत आला, एकदाही न थांबता. मालकानं चष्मा काढला, पुसला, वहिनींची प्रकृती विचारली, काही लागलं तर सांगा म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "म्हणजे बेट कधी पाहिलंच नाहीत? आणि इतकी वर्षं इतक्या लोकांना पाठवलंत? अहो, जाऊन आलेला कोणीही विकेल. न जाता विकणारा तुमच्यासारखा मला दुसरा कुठे मिळायचा?" आणि खांद्यावर थाप मारून म्हणाला, "हे बाहेर बोलू नका म्हणजे झालं. जा, बसा. गिऱ्हाईक थांबलंय." तो येऊन बसला. काचेवर आता त्यानं जाड पडदा लावून घेतला होता, बाह्या मनगटापर्यंत होत्या, आणि समोर नवं लग्न झालेलं जोडपं बसलं होतं. मुलगी उजळ होती, बारीक ठिपक्यांची. मुलगा म्हणाला, "आम्हाला समुद्र पाहिजे. मस्त रंग घेऊन यायचंय."  त्यानं त्यांना टोप्यांबद्दल सांगितलं, दुपारी आत बसण्याबद्दल, दर दोन तासांनी लावायच्या औषधाबद्दल, पाण्यावरून आणि वाळूवरून परत येणाऱ्या उन्हाबद्दल. मुलगा घड्याळ बघू लागला. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही सहल विकताय की घाबरवताय?" मग दोघांनी हसत हसत बेटाचीच सहल घेतली, आणि त्यानं त्यांच्या तिकिटावर लाल गोल करून दिला. मागून तक्रारमास्तर म्हणाला, "वा बेटवाले, अजून धार आहे."

शाळा उघडली तेव्हा बायको काठी घेऊन गेली. बालवाडीत बाईंना जमिनीवर बसावं लागतं, पोरांच्या उंचीला, आणि पोटरी आता तेवढी दुमडत नव्हती. शाळेनं तिला कचेरीत टेबलावर बसवलं, हजेरी आणि फी बघायला. पोरं मधल्या सुट्टीत दारातून डोकावून विचारत, "बाई, तुम्ही आमच्यात का नाही येत?" दर तीन महिन्यांनी ती तपासायला जाई. तो बरोबर जाई, आणि भिंग टेकताना प्रत्येक वेळी श्वास धरी. त्याच्या स्वतःच्या अंगावर त्या सगळ्या उन्हाची म्हणून एवढीच निशाणी उरली होती की हात जरा अकाली म्हातारे दिसत. ते तर गिऱ्हाइकाला अनुभवी वाटत. उघड्या डोळ्यांनी बेरीज करायला बसलं तर ती अशी होती: मालकाला गिऱ्हाइकं मिळाली, गिऱ्हाइकांना बेट मिळालं, त्याला खुर्ची मिळाली, नाव मिळालं आणि मागायला गेला ती शिक्षा सोडून माफीसुद्धा मिळाली. भरलं ते एकटीनं, डाव्या पोटरीतून आणि उजव्या मांडीतून, आणि पुढल्या तपासणीची तारीख अजून यायची होती.